सदाशिव पेठेतील रविवारचा वर्ग : ताणलेल्या तारेची गणिते शिकायची असतील तर

अकरावीच्या भौतिकशास्त्रात घन पदार्थांच्या यांत्रिक गुणधर्मांचा धडा येतो आणि बहुतेक विद्यार्थी तो एका सूत्राच्या बळावर पार पाडतात. बल, लांबी, छेदाचे क्षेत्रफळ आणि लांबीतील वाढ यांच्या जागी आकडे घालायचे, दहाचे घात सांभाळायचे आणि उत्तर जुळले की पुढे जायचे, एवढाच त्यांचा या धड्याशी संबंध उरतो. माझ्या मुलीचेही तसेच चालले होते. सरळ गणिते सुटत होती. मात्र एकाच दांड्याला दोन वेगळ्या धातूंच्या तारा बांधल्या, किंवा तार आडवी ताणून तिच्या मधोमध वजन टांगले, की तिची वही कोरी राहायची. सदाशिव पेठेत नागनाथ पाराच्या परिसरात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर रविवारी सकाळी भरणाऱ्या छोट्या वर्गाची माहिती ओळखीतल्या एका शिक्षकांनी दिली आणि या धड्यापुरते तिला तेथे घातले. वर्ग चालवणाऱ्या मॅडम महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका आहेत. त्या जाहिरात करत नाहीत, दारावर पाटी लावत नाहीत, आणि त्यांची इच्छा तशीच असल्याने मी नाव लिहीत नाही. पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा आहे. भोसरीतील एका कारखान्याच्या चाचणी विभागात धातूचे नमुने ताणून तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी ती मुभा घेतली, आणि पुढचे मत पालक व या विषयातला कामगार अशा दोन्ही नात्यांनी लिहीत आहे.

पहिल्या रविवारी फळ्यावर सूत्र आलेच नाही. मॅडमनी हातातल्या तारेचे वर्णन सांगितले : पोलाद, लांबी २ मीटर, व्यास अर्धा मिलिमीटर. तिच्या खालच्या टोकाला १ किलोचे वजन टांगले तर ती किती लांबेल, याचा अंदाज प्रत्येकाने कागदावर लिहायचा होता. कोणी दोन सेंटिमीटर लिहिले, कोणी काहीच लांबणार नाही असे लिहिले, आणि या दोन टोकांच्या मधलेही पुष्कळ आकडे आले. मग हिशेब झाला. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.१९६ चौरस मिलिमीटर भरते आणि १ किलोचे वजन ९.८ न्यूटन असते, म्हणजे प्रतिबल (दर चौरस मिलिमीटरवर पडणारे बल) जवळजवळ ५० मेगापास्कल झाले. पोलादाचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताणले जाण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, २०० गिगापास्कल, अर्थात २ लाख मेगापास्कल धरला, तर दर मीटरमागे तार पाव मिलिमीटर ताणली जाते. आपली तार २ मीटरची, म्हणून ती अर्धा मिलिमीटर लांबते. “हा अर्धा मिलिमीटर आधी लक्षात ठेवा, सूत्र नंतर पाठ झालं तरी चालेल,” असे मॅडम म्हणाल्या.

या वाक्याचे मोल पुढच्या तासांना कळत गेले, कारण त्यानंतरचे प्रत्येक उत्तर या एका तारेशी ताडून पाहायचे, असा वर्गाचा नियमच झाला. निम्म्या जाडीच्या तारेवर दुप्पट वजन असेल तर वाढ आठपट, म्हणजे ४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. ती ४ मीटर आली तर एकके चुकली आहेत, आणि १ मिलिमीटर आली तर व्यासालाच त्रिज्या मानून क्षेत्रफळ चौपट झाले आहे, हे विद्यार्थ्याचे त्यालाच उमगते. उत्तरसूची न उघडता स्वतःचे उत्तर तपासण्याची ही सवय मला या वर्गाची सर्वांत मोठी देणगी वाटते. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या पदविकाधारकांमध्येही ती क्वचितच दिसते. संगणकाने छापून दिलेला आकडा ते तसाच अहवालात उतरवतात, आणि पोलादाचा मॉड्युलस ७० गिगापास्कल आला तरी त्यांना शंका येत नाही. ७० ही तर ॲल्युमिनियमची किंमत झाली.

यानंतर आकडे बाजूला ठेवून केवळ गुणोत्तरांवर काम झाले. एकाच धातूच्या दोन तारा आहेत, दुसरीची लांबी दुप्पट आणि व्यास निम्मा, वजन सारखेच. तर वाढ किती पट? हे आठपटीचे उत्तर मुलांनी लगेच दिले. मग प्रश्न थोडा बदलला. तीच तार यंत्रातून ओढून दुप्पट लांब केली आणि तिला तेच वजन लावले, तर? येथे अनेकांनी दुप्पट असे लिहिले. तार ओढली तरी तिचे द्रव्य तेवढेच राहते, घनफळ बदलत नाही, त्यामुळे लांबी दुप्पट होताना क्षेत्रफळ निम्मे होते आणि वाढ चौपट येते, हे मॅडमनी स्वतः सांगितले नाही. त्या एकाच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येत राहिल्या : “यात न बदललेलं काय आहे, ते आधी सांग.” बदललेली गोष्ट गणिताच्या शब्दांत दिलेली असते, न बदललेली बहुधा दिलेली नसते, आणि गणित तिच्यावरच उभे असते. माझ्या मुलीच्या वहीत आता प्रत्येक गणिताच्या वरच्या बाजूला ‘सारखे काय?’ अशी एक ओळ असते, आणि कोऱ्या राहणाऱ्या पानांचे प्रमाण त्या ओळीनेच कमी केले असे मी मानतो.

तारेच्या स्वतःच्या वजनाने होणाऱ्या वाढीचे गणितही याच पद्धतीने उलगडले. टांगलेल्या तारेच्या वरच्या टोकावर सगळ्या तारेचे वजन पडते, खालच्या टोकावर काहीच नाही, म्हणून सरासरीने निम्मे वजन धरायचे, एवढे कळले की कलनशास्त्र न शिकलेल्या मुलालाही ते सुटते. जाडी वाढवली तर वजन आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात वाढतात, त्यामुळे उत्तरात जाडी येतच नाही. आपल्या २ मीटर पोलादी तारेसाठी ही वाढ मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी निघते. त्याच हिशेबाच्या पुढच्या पायरीवर, ४०० मेगापास्कलला तुटणारी पोलादी तार स्वतःच्याच वजनाने तुटण्यासाठी किती लांब हवी, असे विचारले गेले. सव्वापाच किलोमीटरच्या आसपासचे उत्तर ऐकून मुले चांगलीच चक्रावली, आणि येथेही जाडीचा काही संबंध नाही हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी आपणहून दुसरा व्यास घेऊन हिशेब केला. शिकवणाऱ्याने न सांगता मुलांनी एखादे गणित दुसऱ्यांदा केलेले मी फार वेळा पाहिलेले नाही.

तारेचा ताठपणा आणि पदार्थाचा ताठपणा यांतील फरकावर मॅडमनी जवळजवळ एक संपूर्ण सकाळ खर्च केली, आणि ती सत्कारणी लागली. तार मधोमध कापली तर तिचा अर्धा तुकडा तेवढ्याच वजनाला निम्माच लांबतो, म्हणजे तुकड्याचा ताठपणा दुप्पट झाला. यंग मॉड्युलस मात्र होता तेवढाच राहिला, कारण तो पोलादाचा आहे, तुकड्याचा नाही. रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये कूट अक्षरांत दडवलेला आणि १६७८ मध्ये उघड केलेला नियम एखाद्या ठरावीक स्प्रिंगविषयी किंवा तारेविषयी बोलतो : जेवढा ताण, तेवढी वाढ. थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत मॉड्युलसची कल्पना मांडली, आणि क्षेत्रफळ व लांबी या दोहोंनी भागून ती पूर्णपणे पदार्थाच्या नावावर करणारी आजची व्याख्या नाव्हिए यांनी १८२६ मध्ये दिली. हा इतिहास येथे पुरवणी म्हणून सांगितला गेला नाही. सूत्रातला प्रत्येक भागाकार वस्तूचे आकारमान वजा करून पदार्थाकडे जाण्यासाठी आहे, हे दाखवण्यासाठी तो आला, म्हणून तो मुलांच्या ध्यानात राहिला.

येथे एक गोष्ट माझ्या अनुभवातून जोडावीशी वाटते, कारण वर्गातल्या एका मुलाने नेमका तोच प्रश्न विचारला होता. कडक पोलादाचा यंग मॉड्युलस नरम पोलादापेक्षा जास्त असतो का? बहुतेकांना तसे वाटते आणि ते बरोबर नाही. स्प्रिंगचे पोलाद आणि बांधकामातले साधे पोलाद लवचीक मर्यादेच्या आत (वजन काढल्यावर पदार्थ पूर्ववत होतो तोवर) जवळजवळ सारखेच ताणले जातात. फरक पडतो तो ही मर्यादा कुठे संपते यात. मॅडमनी त्या मुलाला कसबा पेठेतल्या तांबट आळीचे उदाहरण दिले. तेथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देऊन जे मठारकाम केले जाते, त्याने पत्रा कडक होतो, सहज चेपत नाही, कारण तांबे कायमचे वाकायला लागण्यासाठी आता जास्त प्रतिबल लागते. त्याचा मॉड्युलस मात्र ठोकण्यापूर्वी होता तसाच, १२० गिगापास्कलच्या आसपास राहतो. पुण्यातल्या मुलाने तो आवाज लहानपणापासून ऐकलेला असतो, त्यामुळे ताठपणा आणि मजबुती यांतला भेद त्याला त्या आवाजासकट कळतो. परीक्षेत ज्याला हा भेद माहीत नाही तो प्रतिबल आणि विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) यांच्या आलेखांच्या प्रश्नात हमखास अडकतो : ताठपणासाठीचा उतार पाहायचा की मजबुतीसाठीची उंची, हे त्याला ठरवता येत नाही.

आता दोन तारांच्या दांड्याचे गणित, ज्यासाठी मुख्यतः मी मुलीला येथे आणले होते. ८० सेंटिमीटरचा एक हलका दांडा दोन टोकांना सारख्या लांबीच्या आणि सारख्या जाडीच्या तारांनी टांगला आहे, एक तार पोलादाची आणि दुसरी तांब्याची. वजन कोठे अडकवले म्हणजे दांडा आडवा राहील? आणि कोठे अडकवले म्हणजे दोन्ही तारांतले प्रतिबल सारखे होईल? माझ्या मुलीने नेहमीप्रमाणे लगेच सूत्र लिहायला घेतले, तेव्हा मॅडमनी तिचा हात थांबवला आणि म्हणाल्या, “अगं, थांब. दांडा आडवा राहिला म्हणजे तारांच्या बाबतीत काय सारखं झालं?” वाढ सारखी झाली, हे तिचे उत्तर आले आणि त्यातून पुढचे सगळे ओघाने आले. लांबी सारखी, वाढ सारखी, म्हणून विकृती सारखी. जाडी सारखी, म्हणून ताणांचे गुणोत्तर तेच जे मॉड्युलसचे, २०० ला १२०, म्हणजे ५ ला ३. वजनाभोवती दोन्ही ताणांचे आघूर्ण (बल गुणिले अंतर) समान ठेवले की वजन पोलादी तारेपासून ३० सेंटिमीटरवर येते. प्रतिबल सारखे हवे असेल, तर जाडी सारखी असल्याने ताणच सारखे हवेत आणि वजन बरोबर मध्यावर, ४० सेंटिमीटरवर जाते; मात्र तेव्हा तांब्याची तार जास्त लांबून दांडा तिच्या बाजूला कलतो. दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरे, आणि दोन्हींत भौतिकशास्त्राचा भाग एका ओळीचा. उरते ते सातवीतल्या गुणोत्तरांचे गणित.

याच्या जोडीला एकीखाली एक जोडलेल्या तारा घेतल्या गेल्या, ज्यांत ताण सारखा राहतो आणि वाढींची बेरीज होते. हा भाग वेगाने उरकला आणि वेगाने उरकण्याजोगाच होता.

माडीवरची खरी संपत्ती म्हणजे तुळईला टांगलेले सर्ल यांचे, तारेचा यंग मॉड्युलस मोजण्याचे उपकरण. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कित्येक दशके विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घेणाऱ्या सर्ल यांच्या नावाचे हे साधन जेईईच्या अभ्यासक्रमातील प्रयोगांच्या यादीत आहे, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते, पण बहुतेक मुले ते एका घाईच्या तासात पाहतात आणि वाचने एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात. येथे एकाच सागवानी तुळईला शेजारी शेजारी दोन सारख्या तारा टांगलेल्या आहेत. प्रत्येकीच्या खाली एक धातूची चौकट आहे आणि दोन चौकटींच्या मध्ये स्पिरिट लेव्हल आडवी बसवलेली आहे, जिचे एक टोक एका चौकटीवर आणि दुसरे टोक दुसऱ्या चौकटीतल्या मायक्रोमीटर स्क्रूच्या टोकावर टेकते. एका तारेला ठरावीक वजन कायमचे लावलेले असते. दुसरीवर अर्धा अर्धा किलो वाढवत जायचे, प्रत्येक वेळी लेव्हलमधला बुडबुडा सरकतो, स्क्रू फिरवून तो मध्यावर आणायचा, आणि स्क्रू जेवढा फिरला तेवढी वाढ नोंदवायची. स्क्रूच्या डोक्यावरचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. अर्ध्या किलोला पाव मिलिमीटर वाढ होते, म्हणजे २५ भाग. पहिल्या रविवारचा तो अर्धा मिलिमीटर येथे मुलांनी स्वतःच्या हाताने मोजला.

दुसरी तार कशाला, हा प्रश्न मॅडमनी दोन रविवार अनुत्तरित ठेवला आणि तो तसा ठेवणे योग्यच होते. उत्तर त्या वाड्यातच होते. वजन वाढवले की जुनी तुळई अगदी थोडी वाकते, शेजारून कोणी चालत गेले तरी वाकते, आणि हा उतार तारेच्या वाढीत मिसळला तर मॉड्युलस कमी येणार. दोन्ही तारा एकाच तुळईला असल्याने दोघी बरोबरच खाली येतात आणि फरकात तो भाग उरत नाही. तापमानाचेही तसेच. २ मीटर पोलादी तार १ अंश सेल्सिअस तापली की ०.०२४ मिलिमीटर लांबते, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाने होणाऱ्या वाढीचा जवळजवळ दहावा भाग. एप्रिलच्या सकाळी खिडकीतून ऊन आत आले की एकट्या तारेचे सगळे वाचन बिघडेल. आमच्या चाचणी यंत्रावरही हेच घडते. नमुना पकडणारे जबडे किती सरकले यावरून वाढ काढली, तर जबड्यांतली घसर आणि यंत्राचे स्वतःचे ताणले जाणे त्यात येते आणि मॉड्युलस हास्यास्पद कमी निघतो. म्हणून थेट नमुन्यावर एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे नमुन्याचीच वाढ मोजणारे साधन, लावतात. कारखान्यात आम्ही लाखो रुपयांच्या साधनाने जे टाळतो, तेच दुसऱ्या एका तारेने टाळता येते, हे अकरावीच्या मुलांनी समजून घेतलेले पाहून मला मनापासून आनंद झाला.

तापमानाच्या या चर्चेतूनच ताठ बांधलेल्या तारेचे गणित निघाले. दोन भक्कम आधारांमध्ये तीच तार ताणरहित बसवली आणि ती २० अंशांनी थंड झाली, तर तिच्यात ४८ मेगापास्कल प्रतिबल येते. एका मुलीने लगेच ओळखले की हे जवळजवळ १ किलो वजन टांगण्याएवढेच झाले. इतके नेमके ताडून पाहणे तिला जमले, ते पहिल्या दिवशी लक्षात ठेवलेल्या एका तारेमुळेच.

मापनातल्या चुकांचा भागही चांगला झाला, फक्त तो आणखी लांबायला हवा होता. तार आणण्याचे काम मुलांवरच सोपवले होते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत तार गेजच्या, म्हणजे जाडीच्या, क्रमांकावर मिळते, आणि २४ गेज म्हणून आणलेल्या तारेचा व्यास कोष्टकात ०.५६ मिलिमीटर असला तरी स्क्रू गेजने तो वेगवेगळ्या जागी आणि एकमेकांना काटकोनात मोजूनच घ्यावा लागतो. स्क्रू गेज मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो. अर्ध्या मिलिमीटरच्या व्यासात ती चूक २ टक्के, आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग असल्याने ४ टक्के होते. २ मीटर लांबीत १ मिलिमीटरची चूक मात्र केवळ ०.०५ टक्के. पुण्यात गुरुत्वत्वरण ९.८१ नसून ९.७८ च्या आसपास आहे, कारण आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहोत. तरी त्या फरकाने उत्तर ०.३ टक्केच हलते. सर्वांत अधिक काळजी व्यासाची घ्यायची, हे मुले येथे आकड्यांनिशी शिकली. नवी तार भेंडोळ्यातून निघाल्यामुळे तिला पीळ व बाक असतो, म्हणून सुरुवातीचे वजन लावून ती सरळ झाल्यावरच वाचने घ्यायची, वजने चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा घ्यायची, आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवत आणायचा, या सूचनाही कारणांसह दिल्या गेल्या.

मला सर्वांत आवडलेले गणित आडव्या तारेचे. २ मीटर अंतरावरच्या दोन खिळ्यांमध्ये आपली तीच तार सरळ बसवली, आधीचा ताण काही नाही, आणि मध्यावर १०० ग्रॅमचे वजन टांगले. उभ्या तारेला हे वजन लावले असते तर ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी लांबली असती. आडवी तार मात्र मध्यावर जवळजवळ २.९ सेंटिमीटर खाली येते. विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसेना, तेव्हा मॅडमनी खांबांना तार बांधून, आधी अगदी थोडा ताण देऊन, पट्टीने मोजून दाखवले. थोड्या ताणामुळे आणि खांब किंचित आत ओढले गेल्यामुळे आकडा तंतोतंत आला नाही, पण सेंटिमीटरांतच आला. तार खाली येते तेव्हा तिची लांबी फार थोडी वाढते, कारण कर्ण आणि पाया यांतला फरक लहान कोनात अगदी लहान असतो. आणि ताणाचा वर जाणारा भागही कोन लहान असल्याने अगदी लहान असतो. दोन्ही कारणे एकत्र आली की वजन हे खाली येण्याच्या घनाच्या प्रमाणात जाते. म्हणून वजन आठपट केले तरी तार दुप्पटच खाली येते. १०० ग्रॅमचे वजन पेलताना तारेत जवळजवळ १७ न्यूटनचा ताण, म्हणजे वजनाच्या सतरापट ताण असतो, आणि कपडे वाळत घालण्याची तार फार घट्ट बांधली की खिळे का उपटतात, ते या आकड्यात दिसते. हूकचा नियम पाळणाऱ्या पदार्थातून हूकचा नियम न पाळणारी रचना तयार होते, ही गोष्ट अकरावीत कळणे मला फार मोलाचे वाटते.

साठलेल्या ऊर्जेची गणिते शेवटच्या तासाला झाली. वजन हळूहळू सोडले तर होणारी वाढ आणि एकदम सोडले तर क्षणभर होणारी दुप्पट वाढ, यांतला भेद नीट झाला. यारीच्या (क्रेनच्या) दोरासाठी सुरक्षा गुणांक का ठेवतात, याकडे तेथून सहज जाता आले असते, पण वेळ उरला नव्हता.

आता उणिवा. पदार्थ लवचीक मर्यादेपलीकडे गेल्यावर काय होते, त्या आलेखाला फार कमी वेळ मिळाला. साध्या पोलादाला नमनबिंदू (जेथून ते कायमचे ताणले जाऊ लागते) स्पष्ट असतो आणि तांब्याला तसा नसतो, ही माहिती तोंडी आली, पण एखादी तांब्याची बारीक तार प्रत्यक्ष ताणून तोडली असती तर ती कायमची लक्षात राहिली असती. तांब्याची तार हाताशी होती आणि खर्च नगण्य होता. आयतन मॉड्युलस (घनफळातील बदलाचा) आणि कर्तन मॉड्युलस (आकारातील बदलाचा) यांची गणिते घाईत उरकली गेली, आणि नीट किंवा जेईईला त्यांवरही प्रश्न येतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे. मॅडमची टिपणे हस्तलिखित आहेत आणि त्यांच्या छायाप्रती काही ठिकाणी पुसट आहेत. विशेषतः आकृत्यांतले बाण दिसत नाहीत. गणितात एका ठिकाणी गुरुत्वत्वरण ९.८ आणि दुसऱ्या ठिकाणी १० धरले आहे व ते वर सांगितलेले नाही, याने हुशार मुलेही गोंधळली. यंग मॉड्युलसची किंमत ही एकच पक्की संख्या असल्यासारखी वापरली गेली. पोलादाच्या प्रकारानुसार ती १९० ते २१० गिगापास्कलमध्ये असते, हे एकदा सांगायला हवे होते, नाही तर प्रयोगात १९४ आले की मुले वजने बदलून २०० आणण्याचा प्रयत्न करतात.

संपूर्ण अभ्यासक्रम वेगाने संपवून हवा असणाऱ्यांसाठी हा वर्ग नाही, आणि जिचे सूत्रच पाठ नाही अशा मुलीला पहिले दोन तास जड जातील. ज्याला सरळ गणिते येतात आणि थोडे वळण आले की अडखळायला होते, त्याच्यासाठी मला पुण्यात याहून चांगली जागा माहीत नाही. शुल्क मोठ्या क्लासच्या एका हप्त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. जागा थोड्या असतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच नोंदणी पूर्ण होते, म्हणून ओळखीच्या शिक्षकांमार्फत लवकर विचारावे. वाड्यासमोर चारचाकी लावायला जागा नाही. मंडई मेट्रो स्थानकापासून चालत येणे सोपे. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. मुलाकडे स्वतःचा स्क्रू गेज असेल तर तो त्याच्याबरोबर द्यावा, कारण वर्गात तो सर्वांना पुरत नाही. लहान कोनांसाठी ज्या (साइन) आणि स्पर्शज्या (टॅन) सारख्या मानणे, आणि वर्गमुळाचे द्विपदी सन्निकटन, या दोन गोष्टी ज्याच्या झालेल्या नाहीत त्याने आडव्या तारेच्या रविवारपूर्वी त्या घरी करून जाव्यात, कारण त्या दिवशी मॅडम त्यांच्यासाठी थांबत नाहीत.